जंतू ओळखणारी प्रोटीन्स आणि एक्स्प्रेशन प्लाझ्मिड: लॅबमध्ये हा अभ्यास नेमका होतो कसा?

जून महिना आला की तीर्थपुरीच्या कृषी सेवा केंद्रांवर कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी होते. पाकिटावर ‘बीटी’ लिहिलेलं असतं. घरात कुणाला विचारलं तर उत्तर मिळतं, “बोंडअळीसाठीचं आहे ते.” उत्तर बरोबरच आहे, पण अर्धं. बीटी म्हणजे मातीत राहणाऱ्या एका बॅक्टेरियाच्या नावाची आद्याक्षरं, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. या बॅक्टेरियातला एक जीन (मराठी पुस्तकात त्याला जनुक म्हणतात) कपाशीत घातला गेला, आणि झाड स्वतःच अळीला मारक ठरणारं प्रोटीन बनवायला लागलं. जीन घालण्याचं काम अमेरिकेत झालं. तिथून आलेल्या कपाशीचा आपल्या वाणांशी संकर केला तो जालन्याच्या महिको कंपनीने, जी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली सुरू केली होती. मार्च २००२ मध्ये सरकारने परवानगी दिली आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आता प्रश्न असा, की एका जीवातला जीन उचलून दुसऱ्या जीवात न्यायचा कशातून? चिमट्यात धरून तर नेता येत नाही. त्याचं वाहन म्हणजे प्लाझ्मिड. कपाशीतला तो जीनसुद्धा प्लाझ्मिडवर बसूनच आत गेला. आजच्या लेखात आपण या वाहनाचं दुसरं एक काम पाहणार आहोत. आपल्या शरीरातली काही प्रोटीन्स बॅक्टेरिया आत शिरल्याबरोबर त्याला ओळखतात. ती कशी ओळखतात, हे शोधायला शास्त्रज्ञ प्लाझ्मिड वापरतात. आणि या अभ्यासात एक मजेशीर अडचण आहे, तिच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे.

प्लाझ्मिड म्हणजे काय?

बॅक्टेरियाच्या पेशीत त्याचा मुख्य डीएनए असतो. त्याशिवाय बऱ्याच बॅक्टेरियांत डीएनएच्या छोट्या गोल रिंगा सुट्या फिरत असतात. त्या स्वतःच्या कॉप्या स्वतः काढतात. १९५२ साली जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांना ‘प्लाझ्मिड’ हे नाव दिलं. निसर्गात या रिंगा बॅक्टेरियांच्या उपयोगाच्या वस्तू एकमेकांकडे पोचवतात. अँटिबायोटिकला दाद न देण्याची ताकद एका बॅक्टेरियाकडून दुसऱ्याकडे जाते, ती बरेचदा अशाच रिंगेतून. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी या रिंगेत आपल्याला हवा तो जीन जोडून ती बॅक्टेरियात परत घालून दाखवली. तेव्हापासून प्लाझ्मिड हे लॅबचं रोजचं वाहन झालं.

लॅबमधल्या प्लाझ्मिडवर काय काय असतं? एक जागा अशी असते जिथून रिंगेची कॉपी काढायला सुरुवात होते, तिला ‘ओरी’ म्हणतात. एक जीन ॲम्पिसिलिनसारख्या अँटिबायोटिकपासून वाचवणारा असतो. तो का? तर ज्या बॅक्टेरियात प्लाझ्मिड शिरला तोच ॲम्पिसिलिन घातलेल्या ताटलीवर जगतो, बाकीचे मरतात. म्हणजे कोणाच्या आत माल आहे हे वेगळं शोधत बसावं लागत नाही. मग येतो आपल्याला हवा असलेला जीन. आणि त्याच्या अगदी पुढे असतो प्रमोटर.

प्रमोटर नीट समजून घ्या, कारण ‘एक्स्प्रेशन’ प्लाझ्मिडमध्ये सगळी गंमत तिथे आहे. विहिरीवर मोटर आहे, पाइप आहे, पाणी आहे, पण स्टार्टर नसेल तर काय उपयोग? जीन म्हणजे मोटर, प्रमोटर म्हणजे स्टार्टर. साधा प्लाझ्मिड जीन नुसता सांभाळून ठेवतो. एक्स्प्रेशन प्लाझ्मिड जीन चालू करतो, म्हणजे पेशीकडून त्याचं प्रोटीन बनवून घेतो. माणसाच्या पेशीत काम करायचं असेल तर बहुतेक वेळा सायटोमेगॅलो नावाच्या व्हायरसचा प्रमोटर घेतात. तो आपल्या शेतातल्या ‘ऑटो’वर टाकलेल्या स्टार्टरसारखा आहे. पेशीत शिरला की सुरू, कुणी दाबायची वाट बघत नाही. बॅक्टेरियात प्रोटीन बनवायचं असेल तर वेगळा स्टार्टर लागतो. तिथे आधी बॅक्टेरिया भरपूर वाढू देतात, मग आयपीटीजी नावाचं रसायन घालून बटण दाबतात. माणसाचा स्टार्टर बॅक्टेरियाला कळत नाही आणि बॅक्टेरियाचा माणसाच्या पेशीला कळत नाही, हेही लक्षात ठेवा.

आकाराचा अंदाज द्यायचा तर पीसीडीएनए-३ हा खूप वापरला जाणारा रिकामा प्लाझ्मिड सुमारे ५,४०० अक्षरांचा आहे. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. त्यात आपण खाली बघणार आहोत तो टीएलआर-४ चा जीन घातला की आणखी २,५२० अक्षरं वाढतात. माणसाचा अख्खा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. म्हणजे एवढ्या मोठ्या पोथीतला एक परिच्छेद कापून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतल्यासारखं आहे.

जंतू ओळखणारी प्रोटीन्स कोणती?

प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्याला लस आणि अँटिबॉडी आठवतात. पण अँटिबॉडी तयार व्हायला काही दिवस लागतात. तोपर्यंत पायात काटा मोडला, जखमेत घाण गेली, तर पहिल्या काही तासांत जागा लाल होऊन सुजते ती कोणामुळे? ही जन्मजात प्रतिकारशक्ती. तिची प्रोटीन्स प्रत्येक जंतूला नावाने ओळखत नाहीत. बॅक्टेरियाकडे असतात आणि आपल्याकडे कधीच नसतात, अशा थोड्याच वस्तू त्यांना कळतात. इ-कोलाय किंवा टायफॉइडच्या बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरण ज्याने बनतं ते एलपीएस, म्हणजे लायपोपॉलिसॅकराइड. बॅक्टेरिया पोहायला जी शेपटी वापरतो तिचं प्रोटीन, फ्लॅजेलिन. त्याच्या भिंतीचे तुकडे.

एलपीएस ओळखतं टीएलआर-४. फ्लॅजेलिन ओळखतं टीएलआर-५. बॅक्टेरियाची लायपोप्रोटीन्स टीएलआर-२ ओळखतं. भिंतीचा एक बारीक तुकडा पेशीच्या आत पोचला तर त्याला नॉड-२ पकडतं. माणसात टीएलआर कुटुंबात एकूण १० भावंडं आहेत.

यातलं ‘टी’ म्हणजे टोल, आणि टोल हा मुळात फळमाशीचा जीन. केळी पिकली की भोवती घिरट्या घालणारी ती बारीक माशी. जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ट यांच्या लॅबने १९८५ च्या सुमारास टोलचं काम दाखवलं, पण ते गर्भाच्या वाढीतलं. प्रतिकारशक्तीचा तिथे विषयच नव्हता. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ब्रुनो लमेत्र आणि ज्युल हॉफमन यांनी पाहिलं की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीने मरतात. १९९७ मध्ये अमेरिकेत रुस्लान मेदझितोव आणि चार्ल्स जेनवे यांनी माणसातला टोलचा भाऊ शोधला, त्याची कायम चालू राहील अशी आवृत्ती बनवून एक्स्प्रेशन प्लाझ्मिडवर बसवली आणि माणसाच्या पेशीत सोडली. पेशींनी जंतू आल्यासारखा गजर केला, जंतू एकही नसताना!

पण हा भाऊ जंतूची कोणती वस्तू ओळखतो हे त्यातून कळलं नव्हतं. ते कळलं १९९८ मध्ये, उंदरांकडून. सीथ्रीएच-एचईजे नावाच्या जातीच्या उंदरांना एलपीएस टोचलं तरी काही होत नाही, हे कित्येक वर्षं माहीत होतं. ब्रूस ब्युटलर यांच्या टीमने कारण शोधलं. टीएलआर-४ च्या जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं होतं, त्यामुळे प्रोटीनमध्ये ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आलं होतं. एका अक्षराने उंदीर एलपीएसला बहिरा झाला. हॉफमन आणि ब्युटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं, त्या वर्षीचा दुसरा अर्धा भाग राल्फ स्टाइनमन यांना होता. जेनवे २००३ मध्येच गेले होते. मेदझितोव यांचं नाव त्या यादीत नव्हतं आणि त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. माझ्या मते ती चर्चा रास्त होती.

काजव्याच्या उजेडात प्रयोग

समजा आपल्याला बघायचं आहे की टीएलआर-४ खरंच एलपीएस ओळखतं का. शरीरातल्या पांढऱ्या पेशीत बघायला गेलं तर तिथे सगळी भावंडं एकदम हजर. कोण बोललं हे कळायचं कसं? म्हणून अशी पेशी घ्यायची जिच्यात हे प्रोटीन जवळपास नाहीच, आणि त्यात फक्त एकट्या टीएलआर-४ चा प्लाझ्मिड घालायचा. मग जो फरक पडेल तो त्याचाच.

यासाठी बहुतेक लॅब एचईके-२९३ नावाच्या पेशी वापरतात. मानवी गर्भाच्या किडनीपासून त्या १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला बनल्या. फ्रँक ग्रॅहम यांचा तो २९३ वा प्रयोग होता, म्हणून नावात २९३. आपल्याकडे पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. देशभरच्या लॅबना अशा पेशी सांभाळून पुरवणं हे त्या संस्थेचं एक मुख्य काम आहे.

प्लाझ्मिड आत कसा जातो? डीएनए आणि पेशीची कातडी, दोन्हींवर ऋण भार, त्यामुळे तो आपणहून आत जात नाही. त्याला एका विशिष्ट तेलकट पदार्थात गुंडाळतात, पेशी ते थेंब गिळते. याला ट्रान्सफेक्शन म्हणतात. दुसऱ्या दिवसापर्यंत पेशीच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ दिसायला लागतं.

आता पेशीने एलपीएस ओळखलं हे आपल्याला कळणार कसं? ती ओरडत तर नाही. पण आत एक निरोप जातो. टीएलआर जागं झालं की एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रोटीन पेशीच्या केंद्रकात जाऊन ठरावीक जीन चालू करतं. हे प्रोटीन १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं. शास्त्रज्ञांनी याचा छान फायदा घेतला. एक दुसरा प्लाझ्मिड बनवला, ज्याचा स्टार्टर फक्त एनएफ-कप्पा-बीनेच चालू होतो, आणि त्याच्यामागे जीन लावला काजव्याचा.

हो, काजव्याचाच. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे लोक रात्री झाडं लखलखताना बघायला जातात ना, ते काजवे ज्या प्रोटीनने चमकतात त्याचं नाव ल्युसिफरेज. लॅबमध्ये वापरतात तो जीन अमेरिकेतल्या एका काजव्याचा, १९८५ मध्ये वेगळा केलेला. पेशीने जंतू ओळखला, एनएफ-कप्पा-बी चालू झालं, ल्युसिफरेज बनलं. शेवटी पेशी फोडून त्यात ल्युसिफेरिन टाकायचं आणि ल्युमिनोमीटर नावाच्या यंत्राने उजेड मोजायचा. जितका उजेड जास्त, तितकी ओळख पक्की. डोळ्यांना हा उजेड सहसा दिसत नाही, यंत्राला आकडा दिसतो.

सोबत कंट्रोल ठेवायलाच लागतात. एका वाटीत रिकामा प्लाझ्मिड. एकीत प्लाझ्मिड आहे पण एलपीएस नाही. शिवाय प्रत्येक वाटीत एका समुद्री जीवाच्या, रेनिलाच्या, वेगळ्या रंगाच्या उजेडाचा जीन थोडासा घालतात, म्हणजे कुठल्या वाटीत प्लाझ्मिड कमी-जास्त शिरला ते कळतं. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढचा भाग वाचल्यावर ते का हवं ते पटेल.

आणि इथेच पहिला धक्का बसला. एचईके पेशीत नुसता टीएलआर-४ चा प्लाझ्मिड घातला, एलपीएस दिलं, तर उजेड पडेचना. उंदरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं की टीएलआर-४ हेच ते प्रोटीन. मग अडलं कुठे? १९९९ मध्ये जपानमध्ये केन्सुके मियाके यांच्या टीमने उत्तर दिलं. टीएलआर-४ ला एक छोटा जोडीदार लागतो, एमडी-२. त्याचाही प्लाझ्मिड सोबत घातला आणि पेशी बोलायला लागल्या. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, कोरियात या जोडीची त्रिमितीय रचना दिसली तेव्हा कारण डोळ्यासमोर आलं. एलपीएस बसतं ते मुख्यतः एमडी-२ च्या खोबणीत. एकटा टीएलआर-४ म्हणजे हात आहे पण मूठ नाही. रिकाम्या पेशीत एकेक तुकडा घालत गेल्याशिवाय हे सापडलं नसतं.

खरी अडचण: जंतू ओळखणाऱ्याचा अभ्यास जंतूंमध्येच

आता त्या मजेशीर अडचणीकडे येऊ. प्लाझ्मिडच्या कॉप्या काढायच्या तर तो कशात वाढवतात? इ-कोलायमध्ये. फ्लास्कमध्ये खाऊ घालून, ३७ अंशांवर रात्रभर हलवत ठेवून. सकाळी बॅक्टेरिया फोडायचे आणि प्लाझ्मिड वेगळा काढायचा. आणि इ-कोलायचं आवरण कशाचं? एलपीएसचं! म्हणजे ज्या वस्तूचा वास ओळखायला आपण नाक बनवतोय, त्याच वस्तूच्या डबक्यातून ते नाक बाहेर काढतोय. प्लाझ्मिडसोबत थोडं एलपीएस चिकटून आलं, तर आपण एलपीएस दिलेलं नसताना पेशी उजेड पाडते. आणि थोडं म्हणजे किती? एका मिलिलिटरमध्ये ग्रॅमचा अब्जावा भाग पडला तरी अनेक पेशींना तो कळतो.

हे नुसतं तात्त्विक भय नाही, यात मोठमोठ्या लॅब फसल्यात. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी चांगल्या नियतकालिकांत छापलं की एलपीएस टीएलआर-२ ओळखतं. पद्धत हीच, एचईके पेशी, टीएलआर-२ चा प्लाझ्मिड, उजेड. उजेड खरा होता, आकडे खरे होते. पण बाजारातून आणलेलं एलपीएस पूर्ण शुद्ध नव्हतं, त्यात बॅक्टेरियाची लायपोप्रोटीन्स मिसळलेली होती, आणि टीएलआर-२ त्यांना ओळखत होतं. २००० मध्ये दुसऱ्या एका टीमने तेच एलपीएस फिनॉलने पुन्हा धुतलं, आणि टीएलआर-२ चा उजेड गायब झाला. टीएलआर-४ चा राहिला. मिठात साखर मिसळलेली असेल तर जीभ खोटं बोलत नाही, पण तुम्ही मीठ गोड असतं असं लिहून मोकळे होता, तसं झालं.

दुसरी एक मालिका याहून लांबली. आपल्याच शरीरातली काही प्रोटीन्स, उदाहरणार्थ एचएसपी-७०, टीएलआर-४ ला जागं करतात असे बरेच पेपर आले. ही प्रोटीन्स इ-कोलायमध्ये एक्स्प्रेशन प्लाझ्मिडवरून बनवलेली. २००३ मध्ये दाखवलं गेलं की प्रोटीन नीट स्वच्छ केलं तर तो परिणाम जातो. म्हणजे श्रेय प्रोटीनचं नव्हतं, चिकटून आलेल्या एलपीएसचं होतं.

मग करतात काय? एक चाचणी इतकी साधी आहे की घरातली वाटावी. नमुना उकळायचा. प्रोटीन उकळल्यावर मोडतं, अंड्याचं पांढरं घट्ट होतं तसं. एलपीएसला उकळण्याने काही होत नाही. तेव्हा उकळल्यावरही उजेड तेवढाच राहिला तर समजायचं, प्रोटीन नव्हे, घाण बोलतेय. दुसरं, पॉलिमिक्सिन-बी नावाचं अँटिबायोटिक एलपीएसला घट्ट धरतं, त्याच्या कॉलममधून नमुना जाऊ देतात. तिसरं, प्लाझ्मिड काढायचे खास एंडोटॉक्सिन-मुक्त किट मिळतात. एंडोटॉक्सिन म्हणजे एलपीएसचंच दुसरं नाव. काचेची भांडी प्रेशर कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर तापवून भागत नाही. त्याने बॅक्टेरिया मरतात, त्यांचं एलपीएस तसंच राहतं. त्यासाठी कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास ठेवावं लागतं.

अजून एक पेच आहे. एलपीएस काढून टाकलं तरी प्लाझ्मिडचा डीएनए मुळात बॅक्टेरियात बनलेला. त्यावर काही खुणा आपल्या डीएनएपेक्षा वेगळ्या असतात आणि टीएलआर-९ त्या ओळखतं, हे २००० मध्ये शिझुओ अकिरा यांच्या लॅबने दाखवलं. शिवाय पेशीच्या आत जिथे डीएनए असायला नको तिथे तो दिसला की सीगॅस नावाचं प्रोटीन आरडाओरडा करतं. एचईके-२९३टी पेशीत ही व्यवस्था जवळजवळ नाही, म्हणूनही त्या सोयीच्या. पण तुम्ही खऱ्या पांढऱ्या पेशीत प्लाझ्मिड घालायला गेलात तर वाहन पाहूनच पेशी बिथरते, आतला माल बघेपर्यंत ती थांबत नाही.

परळमधलं एक प्रोटीन

हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नका. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. तरुणा मदान यांच्या गटाने अनेक वर्षं एसपी-डी या प्रोटीनवर काम केलं. हे प्रोटीन आपल्या फुप्फुसात असतं. बॅक्टेरिया, बुरशी आणि काही व्हायरस यांच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या ते पकडतं, त्यात एलपीएसही आलं.

पूर्ण एसपी-डी फार मोठं, १२ साखळ्यांचं, फुलीसारख्या आकाराचं. ते बॅक्टेरियात बनवणं अवघड. म्हणून ऑक्सफर्डमध्ये उदय किशोर आणि केनेथ रीड यांच्या कामातून त्याचा फक्त पकडणारा पंजा, म्हणजे मान आणि साखर धरणारं टोक, इ-कोलायच्या एक्स्प्रेशन प्लाझ्मिडवर बसवला गेला. दिल्लीत असताना डॉ. मदान आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या तुकड्याचा उपयोग ॲस्परजिलस बुरशीचा जीवघेणा संसर्ग झालेल्या उंदरांवर केला, आणि उंदीर जगण्याचं प्रमाण वाढलं. पुढे परळला एचआयव्हीवर आणि कोविडच्या व्हायरसवरही त्याचा अभ्यास झाला.

या तुकड्याची कहाणी ऐकली की वर सांगितलेली अडचण डोळ्यासमोर येते. इ-कोलाय हे प्रोटीन बनवतो खरा, पण चुरगळून गोळे करून ठेवतो. ते गोळे युरियात विरघळवायचे. हो, शेतात टाकतो त्याच रसायनाची शुद्ध आवृत्ती. मग युरिया हळूहळू कमी करत प्रोटीनला नीट घडी घालू द्यायची. मग माल्टोज नावाची साखर लावलेल्या कॉलममधून गाळायचं. ज्याची घडी नीट बसली तेच साखर धरतं, बाकीचं वाहून जातं. आणि शेवटी पॉलिमिक्सिन-बी. जंतूंची साखर धरणारं प्रोटीन जंतूंमध्ये बनवलंय, तेव्हा ते एलपीएस धरूनच बाहेर येणार, ते सोडवायलाच हवं. नाहीतर उंदरावर परिणाम कोणाचा झाला हे कोण सांगणार?

याचा तुमच्या सलाईनशी संबंध

उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले आणि दवाखान्यात सलाईन लावलं, तर त्या बाटलीत एलपीएस असता कामा नये. बॅक्टेरिया मेलेला असला तरी त्याचं आवरण रक्तात गेलं की थंडी वाजून ताप येतो, जास्त असेल तर जीवावर बेततं. शिरेतून देण्याच्या औषधांना साधारण मर्यादा अशी, की एका तासात शरीराच्या दर किलो वजनामागे ५ एंडोटॉक्सिन युनिट. ६० किलोच्या माणसाला ३००.

हे मोजतात कसं? अनेक दशकं हे काम हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्ताने झालं. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा प्राणी आपल्याकडे ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर मिळतो. त्याच्या रक्ताला एलपीएस लागलं की ते गोठतं. १९५६ मध्ये फ्रेड बँग यांनी हे पाहिलं आणि पुढे त्यातून चाचणी तयार झाली. प्राणी पकडायचे, रक्त काढायचं, परत सोडायचे. त्यातले काही मरतात.

त्याच्या रक्तातही एलपीएस ओळखणारं एक जन्मजात प्रोटीन आहे, फॅक्टर-सी. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डिंग जियाक लिंग आणि बो हो या संशोधक जोडप्याने त्याचा जीन वेगळा केला आणि प्राण्याशिवाय ते प्रोटीन बनवण्याचा मार्ग काढला. २००३ पासून ते किट बाजारात आहे. औषध कंपन्यांनी ते स्वीकारायला मात्र फार वेळ घेतला. बघा, जीन काढून दुसऱ्या पेशीत चालू करायची तीच युक्ती, जंतू ओळखणारं तसंच प्रोटीन, आणि त्याचा उपयोग लॅबमधल्या इतर प्रोटीनमध्ये एलपीएस चिकटलंय का ते तपासायला.

सगळंच जमलं असं नाही

रक्तात बॅक्टेरिया पसरून प्रतिकारशक्ती बेभान होते, त्याला सेप्सिस म्हणतात. अतिदक्षता विभागातल्या मृत्यूंचं ते एक मोठं कारण आहे. टीएलआर-४ कळल्यावर सरळ विचार असा होता, की हा गजरच बंद केला तर? एरिटोरान नावाचं औषध एमडी-२ च्या त्याच खोबणीत जाऊन बसतं. एचईके पेशीत ते मस्त चालतं. पण मोठ्या चाचणीत, जिचा निकाल २०१३ मध्ये छापून आला, सेप्सिसच्या रुग्णांचे मृत्यू त्याने कमी झाले नाहीत. वाटीतल्या पेशीत एक प्रोटीन, आणि आजारी माणसात सगळी भावंडं, तीही कित्येक तास आधीच जागी झालेली. प्लाझ्मिडवरचा प्रमोटर ‘ऑटो’वर असल्याने पेशीत टीएलआर नैसर्गिकपेक्षा कितीतरी जास्त बनतं, हाही या पद्धतीचा जुना दोष. त्यामुळे नुसत्या प्लाझ्मिडच्या निकालावर औषध येतंय अशी बातमी वाचलीत तर थोडं थांबा.

उलट दिशेने मात्र काम झालं. गजर बंद करण्याऐवजी लसीसोबत तो मुद्दाम थोडा वाजवायचा. तुमच्यापैकी जे ३ जानेवारी २०२२ नंतर १५ ते १८ वयोगटात होते, त्यांनी शाळेत किंवा आरोग्य केंद्रात कोवॅक्सिन घेतली असेल. तिचा व्हायरस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केलेला, आणि लसीत एक छोटा रेणू असा आहे जो टीएलआर-७ आणि ८ ला जागं करतो. ही दोघं टीएलआर-४ चीच भावंडं, फक्त ती बॅक्टेरियाच्या आवरणाऐवजी आरएनए ओळखतात.

मोबाईलवर स्वतः बघा

यातलं बरंच तुम्ही आत्ता फोनवर फुकट बघू शकता, लॉगिनही लागत नाही. युनिप्रोटच्या साइटवर जाऊन टीएलआर-४ आणि ह्यूमन असं इंग्रजीत टाका. ८३९ अमिनो आम्लांची अख्खी साखळी समोर येईल. मग ॲडजीनची साइट उघडा. ही अमेरिकेतली ना-नफा संस्था २००४ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांचे प्लाझ्मिड सांभाळते आणि मागेल त्या लॅबला पाठवते. प्लाझ्मिड डीएनएच्या रूपात न पाठवता बहुतेक वेळा अगारच्या बारीक नळीत जिवंत बॅक्टेरिया पाठवतात, त्यांच्या पोटात प्लाझ्मिड. तो घरी मागवता येत नाही बरं का. संस्था लागते, आणि आपल्याकडे १९८९ च्या नियमांप्रमाणे त्या संस्थेची जैवसुरक्षा समितीही लागते.

तिथे टीएलआर-४ शोधलंत की डग्लस गोलेनबॉक यांच्या लॅबचा एक प्लाझ्मिड दिसेल, ज्यात टीएलआर-४ ला पिवळं चमकणारं प्रोटीन जोडलंय, म्हणजे ते पेशीत कुठे बसलंय ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. त्याचा गोल नकाशा उघडा. स्क्रीन आडवी करा, अक्षरं बारीक असतात. आधी सीएमव्ही लिहिलेला बाण शोधा, तो स्टार्टर. त्याच्या पुढे लागूनच टीएलआर-४. मग रिंगेच्या दुसऱ्या बाजूला ॲम्पिसिलिनचा बाण आणि त्याच्या शेजारी ओरी. एखाद्या नकाशावर सीएमव्हीऐवजी टी-७ लिहिलेलं दिसलं, तर तो प्लाझ्मिड बॅक्टेरियात प्रोटीन बनवायचा आहे असं समजा, आणि त्याच पानावर खाली एंडोटॉक्सिनबद्दल काही लिहिलंय का तेही बघा.